पाळीवरची खुर्ची

ट्रायथलॉन मी कधीच केली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझ्या गळ्यात मेडल पडेल म्हणून कोणी वाट पाहत बसायला नको. तयारी मात्र केली. धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, आटोपले तेव्हापासून संक्रांतीपर्यंत केली, आणि तेवढ्यात मी जितकी थकले तितकी दोन बाळंतपणं मिळूनही थकले नव्हते. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, असं ते तीन पदरी दुखणं असतं. चाळिशी ओलांडलेल्या, साकोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणाऱ्या बाईनं ते कायले अंगावर घेतलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर घरी छपरीत लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं होतं.

माझा नवरा हायस्कूलला पीटीचा मास्तर. त्यांना नावानं हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही, सगळ्या भागाचे ते पीटी सर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आमचं लग्न झालं, आणि तेव्हापासून सकाळी उजाडल्यावर मी त्यांना अंथरुणात पाहिलेलं नव्हतं. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे घेऊन ते अंधारातच मैदानावर जायचे. शेवटची फेरी स्वतः त्यांच्यासोबत पळायचे आणि बहुतेकांच्या पुढे असायचे. त्या वर्षी जूनमध्ये अशीच शेवटची फेरी संपली आणि सर रेषेपलीकडे जाऊन आडवे झाले. पोट्ट्यांना वाटलं, सर नाटक करून राहिले. ते हसले, एकानं मोबाईलवर फोटोसुद्धा काढला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की सरांचे ओठ निळे पडलेत.

साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. दोन स्टेंट बसले. सुट्टी देताना डॉक्टरांनी समजावलं की माणूस वाचला आहे, पण आता गोळ्यांइतकंच चालणं महत्त्वाचं. रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं, बसून राहिले तर पुन्हा इथंच यावं लागेल आणि दर वेळी इतक्या लवकर पोचता येईलच असं नाही. सर मान डोलावत होते. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून घरी आले.

आणि सर बसले. मेडिकल लिव्ह होती, खुर्ची होती, पेपर होता, टीव्ही होता. मी म्हटलं, भाजी घेऊन या. तर भाजीवाल्याला फोन गेला आणि तो बापडा पिशवी घेऊन दारात. मी म्हटलं, पानठेल्यापर्यंत जाऊन या, चार माणसं भेटतील. तर पानठेलेवालाच दुकान पोराच्या हवाली करून आमच्या छपरीत येऊन बसला. सर म्हटल्यावर सगळं गाव चालत त्यांच्याकडे यायचं, मग ते कशाला चालतील! मी गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, आळशी म्हटलं, माझ्या माहेरच्या आसगावच्या माणसांसमोर म्हटलं. ते नुसते हसायचे आणि चष्मा पुसायचे. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी भांडी मुद्दाम आपटून घासायचे.

ऑगस्टमध्ये तपासणीसाठी नागपूरला गेलो. दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. समोरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी छोटी ट्रायथलॉन, फेब्रुवारीत. खाली एका सडपातळ पोरीचं धावतानाचं चित्र. सरांनी ते सगळं वाचलं आणि जूननंतर पहिल्यांदा मोकळे हसले.

"पोहायचं, मंग सायकल, मंग पळायचं. इतकं करून भेटते काय?"

मग त्यांनी चित्राकडे बोट करून सांगितलं की या पोरीची कोपरं बाहेर चालली आहेत, पाय टाचेवर पडतो आहे, हिला कोणी शिकवलंच नाही. सांगता सांगता ते खुर्चीतून अर्धे उठले होते. मी ते पाहिलं. घरी येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: चुकीचं पळणं दिसलं की या माणसाला बसवत नाही. मग मीच यांच्यासमोर चुकीचं पळाले तर? वीस वर्षांच्या संसारात मला सुचलेली ही एकमेव हुशारीची गोष्ट, असं मला तेव्हा वाटलं. भंडारा स्टँड येईपर्यंत मी मोबाईलवर नाव नोंदवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधली, कॅनव्हासचे बूट चढवले आणि सरांना दिसेल असं अंगणातूनच धावत निघाले. ते चहा पीत होते. मी गल्लीतून निघाले, देवळाजवळून बुद्धविहाराकडे वळले, तिथून रस्त्याला लागले. निंदायला निघालेल्या दोघी बायांनी विचारलं, मॅडम, कोणती भरती निघाली? मला बोलायला दम नव्हता, मी नुसता हात हलवला. एक मोटरसायकलवाला थांबला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. त्यालाही मी हातच हलवला. तो गाडी वळवून गावाकडे सुसाट गेला. मला वाटलं, काही विसरला असेल.

मी परत आले तर आमच्या अंगणात ही माणसं! खांद्यावर दुपट्टे टाकलेले, खाली मान घातलेले. बाया वेगळ्या बसलेल्या, एक-दोघींनी सूर लावलेला. पीटी सरांची बायको भल्या पहाटे, उघड्या डोक्यानं, कोणाशी न बोलता धावत सुटली, याचा गावानं एकच अर्थ लावला होता. आमच्याकडे बाईमाणूस उगाच धावत नाही. कोणीतरी बांबू तोडायला माणूससुद्धा पाठवून मोकळं झालं होतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध सर लाल खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन, स्वतःच्या मयतीला आलेल्या लोकांना बसा, बसा म्हणत होते.

सगळे हसले. खूप हसले. मला चार शब्द ऐकवले, बांबूवाल्याला परत बोलावलं, सगळ्यांचा चहा झाला. मीही हसले, शरमेनं माझे कान गरम झाले होते तरी. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. पण लोक गेल्यावर जेवताना त्यांचा भात कालवलेला तसाच राहिला. मला वाटलं, माझ्यावर चिडले.

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं की गावात पळायचं नाही, तलावावर जायचं, आणि तेही सोबत येतील, म्हणजे लोकांना ते जिवंत दिसत राहतील. मी मनातल्या मनात उडीच मारली. आले की हे जाळ्यात! दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली. सर मागे बसले आणि त्यांनी लाल खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली.

तलाव गावापासून थोडा दूर, जुना, मालगुजारांच्या काळात बांधलेला. लांबलचक पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाळीवर मोहाची आणि अर्जुनाची झाडं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. पाळीच्या अलीकडच्या टोकाला रस्ता येऊन मिळतो. पलीकडच्या टोकाला सांडव्याजवळ एका धिवर, म्हणजे मासेमार, नवरा-बायकोची झोपडी होती. तलावातले शिंगाडे त्यांनी ठेक्यानं घेतलेले होते, त्यामुळे सगळा हंगाम त्यांचा मुक्काम तिथंच. त्यांचा डोंगा, छोटी होडी, झोपडीसमोर खुंटीला बांधलेला असायचा.

सरांनी अलीकडच्या टोकाला मोहाखाली खुर्ची मांडली, खिशातून शिट्टी काढली आणि बसले. मी पाळीवरून पळाले. मुद्दाम कोपरं बाहेर काढली, टाचा आपटल्या, मान हलवली. शिट्टी वाजली. कोपरं आत, असा हुकूम आला. मी आणखी वाईट पळाले. पुन्हा शिट्टी. मला वाटत होतं आता उठतील, मग उठतील, दोन पावलं टाकून दाखवतील. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे-मागे करून दाखवलं. छान दाखवलं, अगदी समजेल असं. कमरेखाली मात्र ते जागचे हलले नाहीत. माझी हुशारी त्या सकाळीच बुडाली, फक्त मला ते कबूल करायला महिने लागले.

कारण सोडून देणं मला जमेना. आज नाही तर उद्या उठतील, या आशेवर मी रोज पळत राहिले, आणि रोज पळाल्यावर व्हायचं तेच झालं. मला पळता येऊ लागलं. माझं पोट आत गेलं, दम पुरू लागला, चुकीचं पळायचं म्हटलं तरी पाय बरोबर पडायला लागले. सरांच्या पँटी कमरेला दाटू लागल्या. दोघांपैकी ज्याला गरज नव्हती ते माणूस धडधाकट होत चाललं होतं. माझी चिडचिड व्हायची, दुसरं काय?

आणि थकवा! तो काय सांगू. तलावावरून आलं की अळणी भाजी, दोन डबे, सरांच्या गोळ्या. मग शाळा. शाळेत शिकवायला मिळालं तर ती चैन. नाही तर खिचडी, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, कोणतं तरी प्रशिक्षण. संध्याकाळी पाय इतके जड व्हायचे की फळ्यावरची खालची ओळ लिहायला वाकले की वर येताना टेबल धरावं लागायचं. मुख्याध्यापक चेष्टा करायचे, मॅडम, ऑलिम्पिकचा पास आम्हालेही द्या जी. मी हसायचे आणि स्टाफरूममध्ये डोळे मिटून बसायचे. एकदा दुसरीच्या वर्गात कविता म्हणता म्हणता मला झोप लागली. मुलं शहाणी, ती आवाज न करता बसून राहिली.

सायकल त्यातल्या त्यात बरी. मुलगी नागपूरला होस्टेलवर होती, तिची शाळेतली सायकल धूळ खात पडली होती. रविवारी मी ती घेऊन सानगडीच्या रस्त्याला लागायचे. कापणीचे दिवस आले तसे लोकांनी अर्ध्या रस्त्यावर धान वाळू घातलं, काठानं दगड मांडले, आणि ट्रक उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून जायचे. ट्रक आला की मी धानावर जायचे आणि धानवाली बाई माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला तिचं खरंच वाटायचं. आपल्या घरच्या धानावरून एखादी रिकामटेकडी मास्तरीण सायकल नेते, कोण सहन करेल?

पोहणं म्हणावं तर लहानपणी आसगावला आम्ही पोरी पालथा गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा, छातीशी धरून बोडीत, छोट्या तळ्यात, तरंगायचो. तरंगणं येत होतं. पण तोंड पाण्यात घालून, मान वळवून श्वास घ्यायचा, हे मोबाईलवर पाहून शिकावं लागलं. पाऊस थांबून पाणी निवळल्यावर सुरुवात केली. स्कूटरच्या चाकाची ट्यूब हवा भरून, दोरीनं कमरेला बांधून मागे ओढत न्यायचे, म्हणजे दम लागला तर धरायला. शिंगाड्यावाली पाळीवर उभी राहून पोट धरून हसायची.

"मॅडम, खाल्ते तोंड घालून काय पाह्यता जी?"

तिनं मला वेलांपासून लांब राहायला बजावलं होतं. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पानं पसरतो आणि खाली त्याची दावणच असते. तिच्या नवऱ्यानं वेलांच्या कडेनं पाण्यात बांबू रोवले होते, आपली हद्द दिसावी म्हणून. मला ते आयतेच सापडले. तोंड पाण्यात असलं की काही दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळानं मान वर काढायची, बांबू उजव्या हाताला आहेत ना ते पाहायचं आणि पुढे जायचं. अलीकडच्या टोकाकडून निघून सांडव्यापर्यंत आणि परत, असं मी दिवाळीपर्यंत करू लागले. सर मोहाखालून शिट्टी वाजवून हात मोजायचे. त्या शिट्टीची तलावाला इतकी सवय झाली की बगळेसुद्धा उडेनासे झाले.

दिवाळीच्या सुट्टीत माझा तोल गेला. त्या दिवशी पाय आखडले होते, पाणी गार होतं, आणि मी बाहेर आले तर सर खुर्चीत बसून पायानं जवळ पडलेला टॉवेल माझ्याकडे सरकवत होते. वाकायलाही नको! मी टॉवेल उचलून फेकला. तुमच्यासाठी मरून राहिली मी, असं ओरडले.

"तुले कोणं सांगतलं होतं?" सर शांतपणे म्हणाले.

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची मोहाच्या बुंध्याला दोरीनं बांधून ठेवली. रोज डोक्यावर धरून आणण्यापेक्षा ती आता तिथंच राहायची.  दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. न जाऊन काय करणार होते मी? घरी ठेवलं असतं तर तेवढी मोकळी हवाही त्यांना मिळाली नसती. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलं होतं, ते उतरत नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. त्या सकाळी धुकं होतं, फार नाही, पाळ दिसत होती, झोपडी पुसट दिसत होती. सर कानटोपी घालून, शाल पांघरून खुर्चीत बसले. मी पाण्यात उतरले. इतकी थंडी की पहिल्यांदा श्वासच आत अडकला. पण हात चालू झाले तसं अंग सैल पडलं. मान वर काढून पाहिलं, बांबू दिसला नाही. मला वाटलं, अजून तिथवर पोचलेच नाही. आणखी पुढे गेले, पुन्हा पाहिलं, नाही. वाटलं, धुक्यात दिसत नसेल. शिंगाडे निघून हंगाम संपला होता आणि तिच्या नवऱ्यानं आदल्याच दिवशी बांबू उपटून नेले होते, हे मला कोण सांगणार? पानं सडून खाली बसली होती. वरून सगळं पाणी सारखंच. खाली वेल तसेच होते.

आधी हाताला काहीतरी मऊ लागलं. मग पायाला. मी पाय झटकला आणि तो आवळला गेला. दुसऱ्या पायानं सोडवायला गेले तर दोन्ही गुंतले. ट्यूबची दोरीही अडकली होती, ती जवळ येईना. मी पाणी प्यायले. मग दोरी ओढून ओढून ट्यूब कशीबशी छातीखाली घेतली आणि एक हात वर केला. ओरडले.

सरांनी पाहिलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी झोपडीकडे तोंड करून शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा, जीव खाऊन वाजवली. झोपडीतून धूर निघत होता, माणसं आत होती. कोणी बाहेर डोकावलं नाही. ऑगस्टपासून रोज सकाळी वाजणारी शिट्टी, तिला कोण बाहेर येणार?

मग माझा नवरा पळाला.

मी पाण्यातून पाहत होते. शाल पडली, एक चप्पल पडली, दुसरी त्यांनी स्वतःच झटकली. पाळ लांब, सगळी दगडगोट्यांची, आणि ते त्या पाळीवरून झोपडीकडे सुटले होते. जूनपासून जो माणूस छपरीतून अंगणात उतरायचा तोही कठडा धरून, तो माणूस! मला माझ्या पायांची आठवण राहिली नाही. मला निळे ओठ दिसायला लागले. मी जीव तोडून ओरडले, पळू नका, बसा खाली. तेवढ्या लांबून त्यांना शब्द कुठले कळणार, माझा ओरडा तेवढा कळला. ते आणखी जोरात पळू लागले. तेव्हा मी तोंड मिटलं.

माझ्या ओरडण्यानं तो माणूस मरेल, एवढंच मला समजत होतं. मी ट्यूबवर पालथी पडले, पाय सैल सोडले आणि ओढायचं बंद केलं. वेल ढिले पडले. हातानं एक एक पायावरून खाली ढकलला, मोज्यासारखा. केव्हा सुटले ते कळलं नाही. सुटले तशी ट्यूब मागे ओढत सांडव्याकडे निघाले. बरोबर की चूक, श्वास कुठे, कोपर कुठे, काही पाहिलं नाही. तेवढ्या जोरात मी आधी कधी पोहले नव्हते आणि नंतरही नाही.

डोंगा पाण्यात लोटलेला होता, पण मी त्याच्या आधी काठाला पोचले. सर झोपडीसमोर जमिनीवर पाय पसरून बसले होते. एक हात छातीवर. शिंगाड्यावाली लोटा घेऊन उभी होती, तिचा नवरा एक पाय डोंग्यात आणि एक बाहेर ठेवून आमच्याकडे पाहत होता. मी गुडघ्यावर बसून सरांच्या सदऱ्यात हात घातला. हृदय नुसतं धडधडत होतं. माझ्या हातातून गार पाणी त्यांच्या पोटावर ओघळत होतं आणि ते मला काही बोलू पाहत होते, पण दम पुरत नव्हता. मी त्यांचे ओठ पाहिले. काळपट होते, रोजच्यासारखे. मी घळाघळा रडू लागले. त्या बाईसमोर, तिच्या नवऱ्यासमोर.

"अवं, काही नाही झालं," सर म्हणाले.

मी म्हटलं, बोलू नका. ते ऐकेनात. त्यांनी माझा हात तिथंच दाबून धरला.

"सात महिने झाले. मले वाटे, पळलो का गेलो." मग थोडा वेळ श्वास घेत बसले. "पळलो न आता."

शिंगाड्यावालीनं मला तिचं लुगडं गुंडाळायला दिलं आणि कोरा चहा केला. तिचा नवरा सारखा बांबूची चूक आपल्यावर घेत होता, त्याला मीच समजावलं. सरांचा श्वास जागेवर आला, घाम सुकला. शिंगाड्यावाला म्हणाला, डोंग्यात बसा, स्कूटीपर्यंत सोडून देतो. मी हो म्हणणारच होते. सरांनी नको म्हटलं आणि जमिनीला हात टेकून उभे राहिले.

आम्ही पाळीवरून निघालो. ते अनवाणी, मी अनवाणी, ओल्या कपड्यांवर दुसऱ्या बाईचं लुगडं गुंडाळलेली. फार हळू चाललो. प्रत्येक झाडाशी ते थांबायचे, नाडीवर बोटं ठेवायचे, पुढे निघायचे. धुकं उतरत होतं. एक चप्पल सापडली, शाल सापडली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असेल, पण मला जाणवत होता तो थकवाच. सगळ्या महिन्यांचा थकवा एकदम पायांत उतरला होता. हे चालत आहेत, झालं माझं काम, आता मला झोपू दे, एवढंच मनात होतं.

"उद्यापासून तुम्ही एकटे चाला जी," मी म्हटलं. "मी आता झोपणार हाव. पुरे झालं."

सर थांबले. इथं झाड नव्हतं, तरी थांबले. त्यांनी तलावाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"एकट्यानं नाही होत," ते म्हणाले. "मले भेव वाटते."

मी त्यांना आळशी म्हटलं होतं, माणसांसमोर म्हटलं होतं, आणि सगळं गाव त्यांच्या मयतीला येऊन चहा पिऊन गेलं तरी त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.  लुगडं सुटत होतं ते नीट खोचलं. माझे डोळे मिटत होते, उभ्या उभ्या.

"किती वाजता?" मी विचारलं.

"साडेपाचले," सर म्हणाले. "उशीर नोको करू."